समोरासमोर लावलेले दोन भाऊ

लॅपटॉपवर दोन फोटो शेजारी लावताना आज उगाच डिंकाचा वास आला. शाहूपुरीतल्या छापखान्यात मी एका दूध संस्थेच्या स्मरणिकेत दोन भावांचे फोटो चिकटवले होते. चेहरे पानाच्या आत बघायला हवेत, म्हणून ऐनवेळी फोटोंची अदलाबदल करून दोघांना समोरासमोर आणलं; खालची नावं तशीच राहिली. वारलेल्या थोरल्याचं ‘कै.’ जिवंत धाकट्याखाली गेलं.

कच्चं पान बघायला ते धाकटे आप्पा स्वतःच आले. मी माफी मागत होतो, त्यांचं लक्षच नव्हतं.

“दादानं धा वर्सं माझ्याकडं बगितलं न्हाय,” ते म्हणाले. “नावं बदल की. पर फोटो हलवू नगंस.”

मी नावांच्या पट्ट्या बदलायला घेतल्या. ते हसत होते की रडत होते, अजून कळलेलं नाही.