गेल्या बारा महिन्यांत

कारापूरच्या आमच्या फाटकावर मी कॅमेरा बसवला तेव्हा बायको म्हणाली, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय. तिला काय कळतं? पेपर मी वाचतो. तिकडे हरमलात कोणाची पर्स हिसकावली की इकडे मी दोन कड्या लावतो. पाव विकणारा पोदेर नवा दिसला तरी तो वळेपर्यंत त्याच्या सायकलवर माझी नजर असते.

त्यामुळे गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेतलेली पेडण्याकडची ती मुलगी आली, तेव्हा तिला मी पायरीवरच थांबवलं. देशभर पाहणी चालू आहे म्हणाली. माणसांना होणारी मारहाण, लूट वर्षागणिक वाढतेय की कमी होतेय ते बघायचं, पोलिसांत न गेलेलंसुद्धा मोजायचं. आणि विचारते काय, तर घरात माणसं किती, दिवसा घरी कोण असतं. चोराला तरी याहून वेगळं काय हवं असतं? मी ओळखपत्राचा फोटो काढला, पंचायतीत फोन करून खात्री केली, मगच खुर्ची दिली.

गेल्या बारा महिन्यांत तुम्हाला कोणी मारलं, धमकावलं? नाही. घरात आणखी कोणाला? आमचं घर तसलं नाही, मी म्हटलं. पाच मिनिटांत मी मोकळा झालो. मग ती म्हणाली, आता बाईंशी एकांतात बोलायचं आहे, तसा नियमच आहे. माझ्यासमोर बोलू दे की, मी म्हटलं. ती हसली, पण खुर्चीतून हलेना. शेवटी दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटलं.

अर्धा तास झाला. पेपर माझ्या हातात, कान दाराकडे. हिला कोणी मारलंय, की इतका वेळ लागावा? आधी शेजाऱ्यांचा संशय घेतला, मग तिच्या भावाचा. मग माझी पाळी आली.

काही वर्षांपूर्वी गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा खनिज वाहणारा माझा ट्रक दारात गंजत उभा होता. तो विकून टाका, असं ती चारचौघांत बोलली. माणसं गेल्यावर मी तिच्यावर हात उचलला. बांगडी फुटून तिच्या मनगटात रुतली. त्यानंतर कधीच नाही, शपथेवर सांगतो. आणि मुलगी विचारत होती फक्त बारा महिन्यांचं. त्या बारा महिन्यांना मी धरून बसलो, तरी पेपरातली एक ओळ पुढे सरकेना.

मुलगी माझ्याकडे न बघता निघून गेली. बायको कपबशा उचलायला आली. एवढं काय बोलत होतात, मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुमी काय सांगलास?" तिने उलट मलाच विचारलं.

काहीच नाही म्हणून सांगितलं, मी म्हणालो.

"ती वर्साचाच इचारी होती," ती म्हणाली. "माका तोच दिस आठवलो."

ती आत गेली. मला लाज वाटली, आणि कुठे बघावं ते कळेना म्हणून मी मोबाईल उघडला. त्यात कॅमेऱ्यातून आमचं फाटक दिसत होतं. तिथे कोणी नव्हतं.