कुंदाताई, बघा

दत्ताभाऊ गेल्याची बातमी मला रामवाडीच्या एसटी थांब्यावर कळली. रोह्याची गाडी आम्ही दोघं रोज तिथूनच धरायचो. त्या दिवशी ते आले नाहीत, आला त्यांचा धाकटा भाऊ अनंत, अनवाणी. म्हणाला, "ताई, दादा गेला. पहाटं छातीत कळ आली... तुम्ही गाडी सोडून वाट बघत राहाल, म्हणून सांगाया आलो." आणि माझ्या तोंडून निघालं, "खरं सांगतोस ना?" ज्याचा भाऊ नुकताच गेलाय त्याला असं कुणी विचारतं का! पण दत्ताभाऊंकडून आलेली कुठलीही गोष्ट मी कधी पहिल्या फटक्यात खरी मानली नव्हती. त्याला आता काही आठवडे झाले. खरी मानायला हे आठवडे लागले.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात मी टायपिस्ट, आणि कोलाडची रेखा दुसरी. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आला, पण काम काही हलकं झालं नाही. रोज सकाळी तिन्ही शिफ्टचे रिपोर्ट, भरलेल्या टँकरांचे कागद, मुंबई ऑफिसला पाठवायची फ्लॉपी. तीच नावं, तेच पत्ते, प्रत्येक कागदासाठी मशीनला त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा टाइप करायच्या. जेवणाची सुट्टी व्हायची तरी आम्ही तिथंच. मग कंपनीने दत्ताभाऊंना कॉम्प्युटरच्या कोर्सला पाठवलं आणि ते आमच्या खोलीत येऊन बसले. थोड्याच दिवसांत त्यांनी त्या सगळ्या आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहून ठेवल्या आणि पेणचा माणूस म्हणून फाइलीला नाव दिलं बाप्पा. बाप्पा टाइप करायचं, एंटर मारायचं, की मशीन आपलं आपण सगळं करायचं. आमचा चहा संपेपर्यंत प्रिंटरमधून कागद बाहेर. ऑफिसात टाळ्या वाजल्या. मी मात्र मनातल्या मनात घरखर्चाचा हिशेब मांडायला लागले. नवऱ्याचं मिठागर बंद पडलेलं, घर माझ्या एकटीच्या पगारावर. दोन बायकांचं काम चहाच्या वेळात होतंय, हे साहेबाला कळायला काय पंचांग लागणार होतं?

त्यात दत्ताभाऊ गोड. एसटीत माझी जागा धरून ठेवणार, बायकोने केलेले पोहे डब्यातून आणणार. गोड बोलणाऱ्यापासून चार हात लांब राहावं, ही आमच्या आईची शिकवण. मी डब्याला हात लावायची नाही. रेखा म्हणायची, "अगो, पोहेच हायत, विष नाय!" ती खाऊन मोकळी व्हायची, आणि मी विचार करत बसायची की हा माणूस आपल्याला कशासाठी खूश ठेवतोय.

एके दिवशी बाप्पा टाइप केलं तर मशीन मध्येच थांबलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ओळ आली – कुंदाताई, बघा. वर त्या दिवशीच्या कागदांची तारीख आणि टँकरांचे नंबर. मी बटण दाबल्याशिवाय पुढे छपाई होईना. माझा तोल गेला. "माझं नाव कशाला घातलंत? चूक झाली की माझ्याच डोक्यावर ना?"

"तसं नाय ओ ताई. कुणीतरी बघाया पायजे."

"मग रेखाचं घाला. नाहीतर स्वतःचं घाला."

ते हसले. त्यांच्या घरी गणपतीचा कारखाना, आणि मूर्तींचे डोळे आखायचं काम त्यांच्याकडे. "साच्यातून गणपती भराभर निघतात, ताई. डोळे मात्र हातानंच आखाया लागतात. आनि तुमच्यासारखी खोड काढनारी नजर हितं दुसऱ्या कुनाची हाय?" मला ते बोलणं मुळीच पटलं नाही. देवाचं नाव पुढे केलं की माझा संशय दुप्पट होतो.

मग व्हायचं तेच झालं. साहेब स्वतः येऊन मशीनपाशी उभे राहिले. म्हणाले, "बटणच दाबायचंय तर दोघी कशाला? आणि हे मध्ये थांबणं काढून टाका." मी शेजारीच बसलेली, समोर टाइप केलेलं पान, डोळ्यांना एक अक्षर दिसेना. दत्ताभाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, ती ओळ काढली तर पुढचं सगळं बंद पडतं. त्याची रचनाच तशी आहे." साहेबांना त्यातलं कळत नव्हतं. "गणपतीनंतर ठरवू," म्हणून ते निघून गेले. त्या वर्षी गौरीचा नैवेद्य मी कसा रांधला, माझं मला माहीत.

सुट्टी संपून ऑफिस उघडलं. बाप्पा टाइप केलं, मशीन थांबलं. कुंदाताई, बघा. मी बघितलं तर तारीख १९८० सालची! मशीनच्या आतली बॅटरी उतरली होती आणि घड्याळ थेट मागे गेलं होतं. गेटवर भरलेले टँकर उभे. त्या तारखेचे कागद घेऊन ते निघाले असते तर हायवेच्या पहिल्याच नाक्यावर अडकले असते. मी ओरडले, साहेब धावत आले. पडद्यावरची तारीख वाचून म्हणाले, "बघायला एक हवी आणि दुरुस्त करायला एक हवी." त्यानंतर आम्हा दोघींपैकी कुणाला कमी करायचा विषय निघाला नाही.

पण सुट्टीआधी ऑफिसला कुलूप लावून शेवटी निघाले होते ते दत्ताभाऊच. परतीच्या एसटीत मी सरळ विचारलं, "तारीख तुम्हीच फिरवलीत ना?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बॅटरीचं काय सांगता येतंय ताई..." आणि शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. पुढे कितीदा विचारलं, दर वेळी शेंगदाणेच पुढे यायचे.

ते गेल्यावर मशीन बघायला अलिबागहून सर्व्हिसचे एक गृहस्थ आले. बाप्पा उघडून ओळी वाचता वाचता म्हणाले, "ही मधली कशाला आहे? हिच्यावर काहीच अवलंबून नाही. काढली तरी सगळं चालेल. काढू का?"

म्हणजे साहेबांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलला होता हा माणूस. आमच्या दोघींसाठी. मला रडू आलं आणि तितकाच रागही आला. एकदा सांगायचं तरी होतंत, दत्ताभाऊ! त्या गृहस्थांना मी बॅटरीचंही विचारलं. "उतरते कधीकधी," एवढंच म्हणाले. तेव्हा तो संशय आहे तिथंच आहे, आणि मी तो सोडणार नाही.

"राहू दे ती ओळ," मी त्यांना म्हणाले.

आता सकाळी रेखा बाप्पा टाइप करते आणि चहा आणायला जाते. पडद्यावर ओळ येते. मी आधी तारीख बघते, मग टँकरांचे नंबर. सगळं बरोबर असतं. तरी बोट बटणावर ठेवून मी थोडी थांबते, कारण दाबलं की ओळ जाते... आतून साहेबांचा आवाज येतो, "कागद कुठायत? काय चाललंय?"

"बघतेय," मी म्हणते.