गोजराबाईंनी पुजलेलं रिव्हॉल्व्हर

दर खंडेनवमीला गोजराबाई नवऱ्याच्या रिव्हॉल्व्हरला हळदकुंकू वाहायच्या. झेंडूचं फूल, तेलाचा दिवा आणि नळीवर ओल्या कुंकवाची दोन बोटं. रावजी जमादार शेजारी पाटावर बसून बघत असायचे. कुंकू खाचेत गेलं की खेकसायचे, कारण नंतर चिंधीनं ते त्यांनाच काढावं लागायचं.

हे हत्यार त्यांनी ब्रह्मदेशातून आणलं होतं. माघारीच्या वाटेवर त्यांचा गोरा कप्तान तापानं गेला. जाताना आपलं रिव्हॉल्व्हर त्यानं रावजींच्या हातात दिलं. पुढे त्याच वाटेवर गोजराबाईंचा थोरला भाऊ काळूही गेला. रावजी आणि काळू सिन्नरकडच्या एकाच गावचे, बरोबरच भरती झालेले. लढाई संपल्यावर रावजी काळूचा चांदीचा ताईत घेऊन त्याच्या आईबापांपुढे जाऊन बसले आणि म्हणाले, "माझ्या मांडीवर गेला. शेवटचं पानी मीच पाजलं." म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि त्याच वैशाखात आपली पोर, गोजरा, त्यांना देऊन टाकली.

जमादारांचा हात फार सैल. ताट भिंतीवर जायचं, काठी पाठीवर यायची. एकदा कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून त्यांनी बायकोला देवळालीगावातल्या घराबाहेर भर उन्हात अनवाणी उभं केलं, पलटणीत शिक्षा देतात तसं. शेजारच्या लताबाई पुन्हा पुन्हा म्हणायच्या, "अगं, माहेरी का जात नाहीस?" गोजराबाई म्हणायच्या, "माझ्या भावाच्या तोंडात पानी घातलंय त्या मानसानं. त्याचे दोन फटके खाल्ले तर काय झालं?"

नव्याण्णव साली जमादारांच्या गालात कॅन्सर निघाला. वय झालेलं, डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. भर पावसाळ्यात गालाला आरपार भोक पडलं. मुलगा दिनेश अंबडच्या कारखान्यात, सून संध्या शाळेत शिकवायला, त्यामुळे दिवसभर घरात ही दोघंच. जखम धुणं, पू पुसणं, पेज भरवणं सगळं गोजराबाईंकडे.

एका दुपारी जमादारांनी कपाटाकडे बोट केलं. "काढ ते. गोळ्या डब्यात हायेत."

गालातून वारा सुटून त्यांचे शब्द फाटायचे, पण गोजराबाईंना कळायचे. "काय करायचंय?"

"माझा हात हलतो. तू धर. कानामागं टेकव आन दाब. मानसाला काय कळत नाय."

"कळत नाय, हे तुमाला काय ठाव?"

जमादार आढ्याकडे बघत म्हणाले, "काळूला नाय कळलं."

गोजराबाईंच्या हातात पेजेची वाटी होती. ती त्यांनी खाली ठेवली.

थांबत थांबत सगळं बाहेर आलं. काळूच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला होता. त्याला चालता येत नव्हतं, तो सारखा ओरडत होता. जो चालू शकणार नाही त्याला जपान्यांच्या हाती जिवंत सोडायचं नाही, असा सुभेदाराचा हुकूम होता. पाणी तर कुणाकडेच नव्हतं.

"मला मार, असं म्हनला का तो?"

जमादारांनी नकारार्थी मान हलवली.

"मग काय म्हनला?"

"मी रिव्हॉल्व्हर काढलेलं बघितलं त्यानं. म्हनला, राव, आता नाय वरडत मी."

मग जमादार पुढे म्हणाले, "कोसभर तरी नेला असता पाठीवर. पन मी दमलो होतो, गोजरा. आता तरी सोडव मला."

त्या उठल्या. कपाटाची किल्ली त्यांनी कनवटीला लावली.

निवडणुका लागल्या होत्या आणि परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा निरोप आधीच येऊन गेला होता. दिनेशला अजून सवड झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी गोजराबाईंनी रिव्हॉल्व्हर, गोळ्यांचा डबा आणि परवाना जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि रिक्षा करून त्या एकट्याच ठाण्यात गेल्या. हवालदार चकितच झाला. "आजी, तुम्ही कशाला आलात? जमादार कुठायत?"

"खाटंवर. लवकर नाय उठायचे."

त्यानंतर त्यांनी नवऱ्याची अशी सेवा केली की गल्लीतल्या बायका आपल्या सुनांना त्यांचं उदाहरण देऊ लागल्या. चादर रोज बदललेली, जखमेवर माशी बसू द्यायच्या नाहीत. गिळणं बंद झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पोटात नळी घातली तर आणखी काही महिने निघतील. पण हाल होतील."

दिनेश म्हणाला, "आई, नको. आबांनाही नकोय. बघ, हात जोडतायत."

"घाला नळी," गोजराबाई म्हणाल्या.

जमादार कण्हायला लागले की त्या खाटेजवळ बसायच्या आणि त्यांच्या कपाळावरून हात फिरवायच्या. "वरडा," त्या अगदी मऊ आवाजात म्हणायच्या. "खुशाल वरडा. हितं तुमाला कोन गोळी घालनार नाय."

जमादार होळीच्या सुमाराला गेले. गोजराबाई रडल्या नाहीत. तेराव्याच्या जेवणात मात्र त्या भरल्या पानावरून उठून गेल्या.

वर्षभरानं दिनेशनं परवाना आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज केला. तेव्हा त्यांनी त्याला काळूचं सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण त्याची मान मध्येच नकारार्थी हलायला लागली.

"आई, आबा तेव्हा दुखण्याच्या औषधांवर होते. माणूस काहीही बरळतो."

"बरळले नाय ते."

"मग इतके दिवस का नाही बोललीस? त्यांना नळी का घातलीस?"

गोजराबाई उठून आत गेल्या.

रिव्हॉल्व्हर घरी आलं. दिनेशनं ते बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात, आबांच्या पदकांखाली कुलपात ठेवलं. पाहुणे आले की तो किल्ली काढायचा, हत्यार त्यांच्या हातात द्यायचा. दोन महिने गोजराबाईंनी तेही सोसलं. एका सकाळी त्यांनी दोन लुगडी पिशवीत भरली आणि संध्याला म्हणाल्या, "मी गावाला जाते."

"कधी येणार?"

"बघू."

धाकट्या भावाच्या मुलानं त्यांना गोठ्याशेजारची खोली दिली. चारेक वर्षं त्या तिथंच राहिल्या. दिवाळीला दिनेश फराळ घेऊन यायचा, नातवंडांचे मार्क सांगायचा. त्या ऐकायच्या. चल घरी, असं तो पहिल्या वर्षी म्हणाला, नंतर म्हणाला नाही. शेवटी निरोप गेला तेव्हा तो कारखान्यात होता. तो पोहोचेपर्यंत भाच्यानं तिरडी बांधून ठेवली होती.