वर राहिलेला हात

थांब्यावर सखूकाकीने एसटीला हात दाखवला. गाडी न थांबताच निघून गेली, तरी मासळी विकणाऱ्या या म्हातारीचा हात वरच राहिला.

तो हात मी आधीही असाच पाहिला होता. दूरदेशी अणुभट्टी फुटली तेव्हा टीव्हीवर ओस पडलेली गावं दिसली, दोरीवर तसेच राहून गेलेले कपडे दिसले. आमच्या गावामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावरही अणुवीज प्रकल्प यायचा होता. शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. "ज्यांना प्रकल्प नको, त्यांनी हात वर करा," सरपंच म्हणाले, आणि सगळं गाव हात वर करून उभं राहिलं. काकीच्या मनगटावर खवले चमकत होते. शहरातून आलेले साहेब म्हणाले, "निर्णय वरून होतो, आमच्या हातात काही नाही." म्हणजे हात त्यांनीही वरच केले.

प्रकल्प अजून आला नाही आणि रद्दही झाला नाही. मला मात्र ती दुपार सारखी आठवते. त्या दिवशी आम्हाला कुणीतरी विचारलं होतं. तसं पुन्हा एकदा विचारावं, म्हणून जीव तळमळतो.

"काकी, हात दुखेल," मी म्हटलं.

"दुखू दे गो. खाली घेतला तर पुढची थांबेल कशी?"