जीप दुर्गला गेली होती

भिलाईचा कारखाना अजून उभा राहत होता, तेव्हा बांधकामाच्या ऐन कुशीत आमचा तात्पुरता दवाखाना होता. ॲस्बेस्टॉसचं छप्पर असलेल्या दोन लांब शेड. एकीत ओपीडी आणि डॉक्टरांची खोली, दुसरीत कॅज्युअल्टी. मधे तांबड्या मातीचं मोकळं अंगण. कॅज्युअल्टीत दिवसपाळीला मी एकटी नर्स असायची.

मी दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमधून ड्यूटीच्या बसने यायची. माझे बाबा दुर्ग स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होते. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं, आणि आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. नागपूरला नर्सिंग शिकून आलेली आमच्या क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीतली मी पहिली मुलगी. बाबा माझा पांढरा ड्रेस स्वतः दोरीवरून काढून घडी करून ठेवायचे, आईला हात लावू द्यायचे नाहीत.

कामाचं म्हणाल तर रोजचीच चिडचिड होती. धूळ इतकी, की उकळून ठेवलेल्या सिरिंजवर दहा मिनिटांत तांबडा थर बसे. स्टोव्ह भडकायचा. वेल्डिंगची ठिणगी पाहून डोळे सुजलेले पाचसहा जण रोज रांगेत, आणि डोळ्यांत टाकायचं औषध नेमकं संपलेलं. कोणी तेलुगू बोलतोय, कोणी पंजाबी, कोणी ओडिया. दुखतं कुठे हे हातवाऱ्यांनी समजून घ्यायचं. मागे ठेकेदाराचा मुनशी उभा, त्याचा एकच प्रश्न, "सिस्टर, काम पर कब भेजोगी?" आणि दवाखान्याची एकुलती एक जीप, जिच्यावर लाल क्रॉस रंगवलेला होता, ती भाजी आणायला, साहेबांच्या बायकांना बाजारात न्यायला, कशालाही जायची. मी कितीदा तक्रार केली. "बघू" म्हणायचे.

"बघू" म्हणणारे आमचे डॉक्टर. पन्नाशीचे, नागपूरचे, सोवळ्यातल्या घरातले. पण त्यांच्याविषयी आधी जे चांगलं आहे ते सांगते. मी नवीन होते तेव्हा बाकीच्या नर्सनी माझा पाण्याचा माठ वेगळ्या कोपऱ्यात ठेवला होता. डॉक्टरांच्या हे ध्यानात आलं. एके दिवशी सगळ्यांसमोर ते माझ्या माठाजवळ गेले, माझ्याच पेल्याने पाणी प्याले आणि ओपीडीत परतले. दुसऱ्या दिवशी माठ बाकीच्या माठांच्या ओळीत आला. टाके घालायला त्यांनी मला शिकवलं. "तुझा हात हलका आहे, बाळ," म्हणायचे. एका रविवारी आमच्या क्वार्टरवर जेवायला आले. आईने शेजारून ताटं मागून आणली. त्यांनी झुणका-भाकर दोनदा मागून घेतली. त्यानंतर बाबा महिनाभर लाइनीत ज्याला-त्याला तेच सांगत होते.

मे महिन्यातली ती दुपार. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. चार मजूर एका फळीवर एका माणसाला घेऊन आले. क्रेनच्या साखळीतून लोखंडी तुळई सुटली आणि त्याच्या पायावर पडली होती. गुडघ्याखाली काहीच धड राहिलं नव्हतं. त्याची बायको तिथेच विटा वाहायची. ती डोक्यावरची चुंबळ तशीच ठेवून मागून धावत आली होती.

मी मांडीला आवळपट्टा बांधला. रक्त थांबलं. पण हे काम आमच्या दवाखान्यात होण्यासारखं नव्हतं, मोठ्या ऑपरेशनचं होतं. त्याला मोठ्या इस्पितळात न्यायला हवं होतं, आणि तेही लगेच. बाहेर पाहिलं तर जीप नव्हती. फाटकावरचा चौकीदार म्हणाला, जीप दुर्ग स्टेशनला गेली आहे, डॉक्टरसाहेबांचे पाहुणे आणायला.

मी अंगण ओलांडून ओपीडीच्या शेडमध्ये पळत गेले. डॉक्टर बाहेरून आलेल्या दोन साहेबांबरोबर चहा घेत बसले होते. मी दारातूनच म्हटलं, "डॉक्टर, तुळई पडून पाय चिरडलाय. इथे होणार नाही. जीप दुर्गला गेलीय. एखादा ट्रक मागवा."

त्यांनी कप खाली ठेवला. "नागपूरच्या गाडीची वेळ झालीच आहे. अर्ध्या तासात जीप येईल. तोवर पट्टा बांधून ठेव, मॉर्फिन दे. मी आलोच."

मी परत आले. त्याच्या बायकोने विचारलं, "गाड़ी कब आही, बाई?" मी म्हटलं, "येतेच आहे."

नागपूरची गाडी उशिरा होती. दर पंधरा मिनिटांनी मी पट्टा सैल करायची, रक्त वाहू लागलं की पुन्हा आवळायची. दोनदा मी चौकीदाराला ट्रक बघायला पाठवलं. मुकादम म्हणाला, साहेबाच्या चिठ्ठीशिवाय ट्रक हलणार नाही; आणि पट्टा सोडून मला पुन्हा ओपीडीत जाता येईना. बायको दर थोड्या वेळाने तेच विचारत होती आणि मी तेच उत्तर देत होते. पुढे पुढे मी तिच्या तोंडाकडे न बघता उत्तर देऊ लागले. डॉक्टर त्या दोन साहेबांना निरोप देऊन आले तेव्हा पावणेदोन तास उलटून गेले होते. जीप आली तेव्हा दोन तास झाले होते. मागच्या सीटवर ट्रंका होत्या, त्या आधी उतरवाव्या लागल्या.

माणूस वाचला. पाय मांडीपासून कापावा लागला; वेळेत पोचला असता तर गुडघा तरी राहिला असता.

मजुरांनी दोन दिवस काम बंद ठेवलं, तेव्हा चौकशी लागली. तीन साहेब टेबलामागे बसले. मी झालं ते सगळं सांगितलं. चहाला बसलेले ते दोन साहेब तोवर आपल्या गावी परतले होते, त्यांना कोणी विचारलं नाही. मग डॉक्टरांना बोलावलं. मी तिथेच बाकावर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "सिस्टरने मला कळवलं नाही. मला कळलं असतं तर मी तत्काळ ट्रक मागवला असता. आवळपट्टाही इतका वेळ ठेवायला नको होता. मुलगी कष्टाळू आहे, पण अननुभवी आहे."

मला वाटलं, माझं काहीतरी ऐकण्यात चुकलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते टेबलाकडे बघत होते.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते खाटेवर बसले होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब खोटं कावून बोलतीन?"

"मंग मी बोलून राहिली का खोटं?"

"तसं नाई म्हनत मी. घाईगर्दीत तू सांगतलं असन, त्यायले आयकू नसन गेलं."

"बाबा, त्यायनं मले उत्तर देल्लं. पट्टा बांध म्हनले."

बाबा उठून बाहेर गेले. आईने ताट वाढलं, मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन, धुतलेलं धोतर नेसून बाबा डॉक्टरांच्या बंगल्यावर गेले, हे मला ठाऊक नव्हतं. मला कळलं ते डॉक्टरांकडूनच. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तुझे वडील आले होते. हात जोडून उभे होते, मला बघवेना. मी वर बोललोय. नोकरी जाणार नाही. फक्त लेखी ताकीद मिळेल. या कागदावर सही कर."

कागदावर इंग्रजीत टाइप केलेलं होतं, की माझ्याकडून डॉक्टरांना कळवायचं राहून गेलं, याबद्दल मी दिलगीर आहे.

मी म्हटलं, "डॉक्टर, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो," ते म्हणाले. "आठवतं मला."

ते हळू आवाजात पुढे बोलले, "पण विचार कर. मी गेलो तर माझ्या जागी कोण येईल? तुझा माठ पुन्हा कोपऱ्यात जाईल. तुझ्यामागून ज्या मुली येतील, त्यांना कोण घेईल? मी इथे असण्यात तुझंही भलं आहे, बाळ."

ते धमकी देत आहेत असं मला त्या वेळी वाटलंसुद्धा नाही. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती, आणि त्यांनी सांगितलं ते बहुधा खरंही होतं. ज्या माणसाने सगळ्यांसमोर माझ्या पेल्याने पाणी प्यायचं धाडस केलं, त्याला "मला कळवलं होतं" एवढं एक वाक्य बोलता आलं नाही. मी सही केली.

आठवडाभराने ती विटा वाहणारी बाई दवाखान्यात आली. नवऱ्याच्या कुबड्यांसाठी चिठ्ठी हवी होती. चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधता बांधता म्हणाली, "मैं देखे रहेंव, बाई. तुमन दउड़त गे रहेव डाक्टर करा." मी डॉक्टरांकडे धावत गेलेली तिने पाहिली होती. चौकशीत तिला कोणी विचारलं नव्हतं. मलाही कधी सुचलं नाही, की साक्षीदार म्हणून तिचं नाव घ्यावं. आता माझ्या सहीचा कागद वर गेला होता. मी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

डॉक्टर आणखी दोन वर्षं होते. माझ्याशी नेहमीसारखेच बोलायचे. मी "हो सर", "नाही सर" एवढंच. त्यांची बदली झाली तेव्हा बाबा हार घेऊन स्टेशनात गेले. मी ड्यूटी मागून घेतली होती.

पुढे बाबा रिटायर झाले. साखरेने त्यांच्या पायाला जखम झाली, ती मी रोज संध्याकाळी धुवायची. एकदा पट्टी बांधताना, कशावरून कोण जाणे, मी त्यांना सांगून टाकलं, की डॉक्टरांनी माझ्यापाशी कबूल केलं होतं.

बाबा म्हणाले, "मले मालूम होतं."

"कधीपासून?"

"तू घरी येऊन सांगतलं तवापासून. तू खोटं बोलत नाई, हे काय मले समजत नाई? पन नोकरी गेली असती."

"मंग मले तसं कावून नाई सांगतलं? मले वाटलं, तुमीबी माह्यावर भरोसा नाई ठेवला."

बाबा पायाकडे बघत म्हणाले, "सांगतलं असतं, त तू सही केली नसती."

खरं होतं. बाबा माझ्या बाजूने आहेत हे कळलं असतं, तर मी केली नसती. इतकी वर्षं मी ज्याचं दुःख केलं, ते त्यांनी ठरवून मला दिलं होतं, आणि जवळ बसून बघितलंही होतं.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जखम आईने धुतली. तिला ते नीट जमेना, पट्टी सारखी सुटत होती. तिसऱ्या दिवशी मीच गरम पाणी घेऊन बसले आणि दुखतं का, एवढं विचारलं. ते म्हणाले, नाही.