सोवळ्यातले रबरी बूट

माझे वडील, अण्णा, गेले तेव्हा आमच्या घरात जे काही शिजत होतं ते गाईंच्या जिवावर. मद्रासच्या वेस्ट मांबलममधल्या बोळात घरामागे आमचा गोठा होता. कार्तिकातल्या पावसात त्यात घोटाभर पाणी साठलं आणि अण्णा अनवाणी उभे राहून ते उपसत राहिले. मग ताप आला, पोटऱ्यांत कळा आल्या, डोळे हळदीसारखे झाले. शेजाऱ्यांनी कावीळ म्हटलं, ताकातून पाला दिला. त्यातच ते गेले. आई माझ्या जन्माच्या वेळीच गेलेली. राहिलो मी आणि अण्णांची विधवा बहीण, माझी आत्या.

गाईला तमिळमध्ये माडु म्हणतात, म्हणून गल्ली आत्याला माट्टुमामी म्हणे. तेव्हा मद्रासेत गिऱ्हाइकाच्या दारात गाय नेऊन त्याच्यासमोर दूध काढायची पद्धत होती. अण्णांचे दिवस होताच आत्या दोर हातात घेऊन निघाली. दूध काढायला आमचा गडी वेलू बरोबर. समोरच्या मामींनी विचारलं, "बाईमाणसाला हे शोभतं का हो?" आत्या म्हणाली, "उपाशी राहणं शोभतं का, ते आधी सांगा."

सोवळं तिच्याइतकं कडक गल्लीत कोणाचं नव्हतं. गोठा तिला देवघरासारखा. चप्पल घालून आत पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती. तिच्या स्वतःच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या, आणि त्या तशाच शेणामुतात बुडत.

मला गुरांच्या डॉक्टरीला घालायचं तिनंच ठरवलं. आमच्या घरात तोवर शाळेपुढे कोणी गेलं नव्हतं. तंजावूरचे नातेवाईक हसले, "मुलगी आणि गुरांची डाक्टर?" आत्या म्हणाली, "माणसांना पुष्कळ आहेत. माझ्या गाईंना कोण आहे?"

मी तिसऱ्या वर्षाला असताना वेलू आजारी पडला. तोच ताप, तेच पिवळे डोळे. वर्गात आम्हांला नुकतंच शिकवलं होतं, की पिळलेल्या दोऱ्यासारखा एक जंतू उंदरांच्या, गुरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगेतून माणसात शिरतो. मी घरी येऊन सांगितलं. आत्यानं हातातली बादली खाली ठेवली.

"माझ्या गाईच्या गोमूत्रात रोग? हे शिकायला पाठवलं तुला?"

मग ती माझ्याशी बोलेचना. एके दिवशी मला जेवायला वाढता वाढता एकदम म्हणाली, "अण्णा त्यानंच गेला का ग?"

"तेव्हा कोणी तपासलंच नाही, आत्या. आता नाही सांगता येणार."

"मग आता तपास. वेलूचं रक्त, गाईंचं रक्त, सगळं."

"आणि निघालं तर? गिऱ्हाइकं तुटतील. माझं कॉलेज बंद पडेल."

"पडू दे. लोकांच्या पोरांना मारून मला तू डाक्टर व्हायला नकोस."

वेलूत निघालं, दोन गाईंतही निघालं. वेलू इस्पितळात पेनिसिलिनवर वाचला. त्याच सुमारास आमचे वाध्यार, म्हणजे भटजी, जानव्याच्या सणासाठी गोमूत्र मागायला आले. पंचगव्यात घालून ते सगळ्या बोळानं प्यायचं असे, आणि दर वर्षी ते आमच्याच गाईंचं.

"यंदा नाही मिळायचं," आत्या म्हणाली. "गाई आजारी आहेत."

"अहो मामी, सगळ्यांना शुद्ध करतं ते. त्याला कसला आजार?"

"करत असेल. पण ह्या घरातून ते कोणाच्या तोंडात जाणार नाही."

वाध्यार तणतणत गेले. संध्याकाळपर्यंत बोळभर झालं. आत्यानं लोकांच्या येण्याची वाट पाहिली नाही. प्रत्येक दारी स्वतः गेली. "दूध उकळून प्या, त्यात भय नाही. भय गोठ्यातल्या पाण्यात आहे. ते मी हटवतेय." निम्म्या घरांनी दूध बंद केलं. आम्ही एका वेळेला भात आणि एका वेळेला कांजी, असं ते वर्ष काढलं. कॉलेजचं नाव तिनं काढू दिलं नाही. "तू जात राहा, बाकीचं मी बघते."

मी रबरी बूट आणले तेव्हा तिनं ते उलटेसुलटे करून पाहिले.

"चामडं?"

"नाही ग, रबर."

"ते कशाचं करतात?"

"झाडाच्या चिकाचं."

"मग चालतं. झाडाला कसलं आलंय ओवळं?"

नऊवारीचा काचा आणि गुडघ्यापर्यंत काळे बूट! पोरं टाळ्या पिटत मागे लागली. "हसा. हसून झालं की पाणी ओढायला या," ती म्हणे. वेलूलाही तिनं बुटांशिवाय आत येऊ दिलं नाही. त्याला हाताशी धरून तिनं जमीन उकरली, उतार देऊन फरशा बसवल्या, मोरी बाहेर काढली, उंदरांची बिळं बुजवली. कॉलेजातल्या सरांच्या देखरेखीखाली मी गाईंना स्ट्रेप्टोमायसिन टोचलं, तेव्हा शिंगं तिनंच धरली होती.

काही गिऱ्हाइकं परत आली, काही कधीच आली नाहीत. वाध्यार शेवटपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत; तिनंही समजूत घातली नाही. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ती म्हातारपणानं, झोपेत गेली.

मी गुरांची डॉक्टर झाले. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली. आणि त्या गोठ्यात वेलूनंतर कोणालाही तो ताप आला नाही.