रविवारच्या बैठका

माझा पासपोर्ट अडला तेव्हा मी आणि आई कर्वेनगरला दोन खोल्यांत राहत होतो. हिंजवडीतली माझी कंपनी मला पहिल्यांदाच परदेशी पाठवणार होती. दोन महिन्यांत पासपोर्ट आला नाही तर ती संधी दुसऱ्या कुणाला जाणार होती. पोलीस चौकशीत शेरा वाईट आलाय, एवढंच कळलं. कसला शेरा? "ते गोपनीय असतं," खिडकीतल्या साहेबांनी सांगितलं आणि जेवणाच्या सुट्टीसाठी खिडकी लावून घेतली.

मी रडकुंडीला आले, आई भडकली. माहितीचा अधिकार तेव्हा नवानवाच होता. तिनं अर्ज लिहिला आणि त्याच साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "आमच्याबद्दलच लिवलं ना? मंग आमालेच काहून दाखवत नाही?" अमरावती सोडून सहा वर्षं झाली तरी तिची बोली पुण्याला शरण गेली नव्हती.

पंचविसाव्या दिवशी फाईल समोर आली. 'अर्जदाराच्या घरी दर रविवारी दहा-बारा अनोळखी तरुणांच्या बैठका होतात. उद्देश संशयास्पद.' माहिती देणाऱ्याच्या नावावर काळी शाई फासलेली. मला हसू आवरेना. ती आमच्या अमरावतीकडचीच, मेसच्या गोड आमटीला विटून रविवारी आमच्या घरी जेवायला येणारी पोरं होती. त्यांचा उद्देश म्हणजे आईच्या हातचा पाटोडीचा रस्सा.

घरी आल्यावर मात्र मला भीती वाटली. "पासपोर्ट येईपर्यंत रविवार बंद ठेवू," मी म्हणाले. आईनं दुसरा अर्ज लिहायला घेतला: फेरचौकशी रविवारी दुपारी बारालाच करावी, म्हणजे सगळे संशयित एकदम भेटतील.

हवालदार खरोखरच आले. दारातला चपलांचा ढीग बघून जरा थबकले. आईनं त्यांना खुर्ची दिली.

"काय लिवायचं ते लिवा साहेब, पण आमच्यासमोर. अन् मंग वाचून दाखवा."

त्यांनी लिहिलं आणि घसा खाकरून वाचलंही: येथे जेवणे होतात, राजकारणावर वाद होतात, आक्षेपार्ह काही नाही. वाद तेवढे खोडा, एक पोरगा हळूच म्हणाला.

"राहू द्या," आई म्हणाली. "होतेतच वाद."

पासपोर्ट वेळेत आला, मी परदेशी जाऊनही आले. सरकारनं माझ्याबद्दल लिहिलेलं माझ्यासमोर वाचलं, ते मात्र त्या एकाच दुपारी. त्यानंतर आजवर कुणी वाचून दाखवलेलं नाही.